वेल कोपऱ्यात कशी वळते

सिन्नरच्या आमच्या वाड्यातलं माझ्याकडे एवढंच उरलंय: हातभर लांबीची एक सागवानी पट्टी. वाडा पाडला तेव्हा वडिलांनी ती उचलून आणली आणि माळ्यावर ठेवून दिली. तिच्यावर एक वेल कोरलेली आहे. देठ नागमोडी जातो, एका वळणात पान, पुढच्या वळणात फूल, मग पुन्हा पान. एका टोकाला करवतीने कापल्याचा सरळ व्रण आहे.

यंदा घरच्या गणपतीचं मखर कागदाचं करायचं आणि त्यावर हीच वेल कातरायची, असं मी दिवाळीतच ठरवलं. २०१८च्या बंदीनंतर थर्माकोल गेला, तेव्हापासून मी कागदातच काम करते. सरळ पट्टीची वेल कागदावर उतरवणं अवघड नव्हतं. पण मखराला दोन खांब असतात, वर आडवी पट्टी असते आणि मध्ये दोन कोपरे. आमची वेल कोपऱ्यात कशी वळायची, ते पट्टीवरून कळत नाही. वाड्याचा फोटो कुणाकडे नाही. त्या घरात लहानाची मोठी झालेली आत्या म्हणाली, "अगं, रोज बघत होते. पण रोजचं कुठे लक्षात राहतं?"

म्हणून जानेवारीत पाच दिवस काढले. आत्या शहात्तर वर्षांची, गुडघ्यांना पट्टे बांधून माझ्याबरोबर निघाली. बरोबर कटर, पात्यांची डबी, कटिंग मॅट, पतंगाच्या कागदाची गुंडाळी आणि ती पट्टी, जुन्या धोतरात गुंडाळलेली.

पहिला दिवस : पुणे

सकाळी सातलाच बाजीराव रस्त्यावर पोचलो. रहदारी सुरू झाली की विश्रामबागवाड्यासमोर उभं राहता येत नाही. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला हा वाडा. १८७९ साली आगीत त्याचा काही भाग जळाला आणि लोकवर्गणीची मदत घेऊन तो पुन्हा उभा केला गेला. रस्त्यावरच्या सज्जाचं लाकूडकाम समोरच्या फुटपाथवरून नीट दिसतं: सुरूचे खांब, त्यांच्यामध्ये पाकळीदार महिरपी, महिरपींच्या टोकांशी लोंबणारी केळफुलं.

खांबाचं नाव सुरूच्या झाडावरून पडलं, आणि तो खरोखरच तसा आहे. तळाशी फुगीर, त्या फुगवट्याला कमळाच्या पाकळ्यांचं वेष्टण, मग वर जाता जाता निमुळता. आत्याला केळफूल फार आवडलं. "याची साल बघ, जराशी उचललीय," ती म्हणाली. "केळफूल सोलायला घेतलं की पहिली साल अशीच सुटते." मी वही काढली तेव्हा तेच रेखाटलं, ती उचललेली साल.

पण रेखाटलेलं कागदात कापता येत नाही, ही खरी अडचण. लाकडात खोली असते. पान देठाखालून जातं, पाकळी पाकळीवर चढते, प्रत्येक थराची सावली वेगळी. कागदात दोनच गोष्टी: कागद आहे, किंवा नाही. यावर माझी युक्ती अशी. डोळे किलकिले करून कोरीवकामाकडे बघायचं. बारकावे विरघळतात, उजेड आणि काळोख उरतात. उजेडाचा तो कागद, काळोखाचं ते भोक. मग पेन्सिलीने काळोख भरत जायचं. केळफुलाच्या सालीखाली नखाएवढी काळी फट राहिली. तेवढी फट कापली की साल उचललेली दिसते.

दुपारी राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दारोदार फिरून दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे असं रोजच्या वापरातलं देखणं सामान जमवलं आणि लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं. पुढे सगळं राज्य सरकारला देऊन टाकलं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून एका दालनात पुन्हा उभे केलेत. मी मात्र दरवाजांपाशीच अडकले. चौकटीच्या उभ्या बाजूंनी वेल चढत जाते, आडव्या बाजूवरून वेल येते, आणि कोपऱ्यात बघावं तर एक चौकोन आणि त्यात फूल. पुढच्या दारालाही तसंच. मला वळण हवं होतं, म्हणून फुलं बघून मी पुढे जात राहिले. सुताराने अवघड जागा सोडून दिली असेल, असं मला तेव्हा वाटलं.

रात्री गणेशपट्टी करून बघितली. दाराच्या वरच्या आडव्या लाकडावर मध्ये गणपती आणि दोन्हीकडे सारख्या वेली, ही आपल्याकडची जुनी पद्धत. कागद मधोमध दुमडून अर्धी वेल कापली, उलगडली, दोन्ही बाजू हुबेहूब आल्या. गणपतीला मात्र दुमडलेला कागद चालत नाही. त्याची सोंड एका बाजूला वळते. घडीवर कापली तर दोन सोंडा होतात, किंवा सरळ खाली लोंबणारी एक. शेवटी वेली घडीवर कापल्या, कागद उलगडला आणि गणपती सपाट कागदावर वेगळा कापला. आत्या चष्मा लावून बघत होती. म्हणाली, "दोन्हीकडच्या वेली इतक्या सारख्या नव्हत्या गं आपल्या." तेही खरंच होतं. संग्रहालयातल्या एका पट्टीवर डावीकडचा पोपट फळ टोचत होता, उजवीकडचा मागे वळून बघत होता. हाताने दोनदा कोरलेलं आणि घडीवर एकदा कापलेलं यात हा फरक राहतोच. उजवी वेल मी पुन्हा सुटी कापली.

दुसरा दिवस : मेणवली

वाईवरून मेणवली. नाना फडणविसांचा सहा चौकांचा वाडा आणि त्याच्या पाठीशी कृष्णेचा घाट. लाकूडकाम इथे साधं आहे. खांब, तुळया, कडीपाट, सगळं मजबूत आणि मोजकं. माझ्या कामाचं फारसं नव्हतं, पण नक्षीआधी खांबाची जाडी आणि दोन खांबांमधलं अंतर बघायचं असतं हे इथे उमजलं. कितीही बारीक कातरलं तरी ते प्रमाण चुकलं तर मखर लग्नाच्या मांडवासारखं दिसतं. चौकातल्या एका खणाची, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेची, मापं घेतली आणि मखराची रुंदी त्या प्रमाणात बदलली.

घाटावरच्या छोट्या देवळात ती प्रसिद्ध घंटा आहे, वसईच्या मोहिमेनंतर आलेली. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, आणि १७०७ हे साल. आत्या तिच्यापुढे हात जोडून बराच वेळ उभी राहिली.

तिसरा दिवस : पळशी

आळेफाट्यावरून नगरच्या रस्त्याला लागलो, आणे घाट चढला, टाकळी ढोकेश्वरवरून आत वळून पळशीला पोचलो. पारनेर तालुक्यातलं हे गाव, होळकरांचे दिवाण पळशीकर यांचं. गावाला दगडी तट आहे, वेस आहे, नदीकाठी विठ्ठलाचं कोरीव दगडी मंदिर आहे. आणि पळशीकरांचा वाडा. त्याच्या चौकात पाऊल टाकलं आणि आम्ही दोघीही गप्प झालो. खांब, त्यावरचे हस्त (तुळईला खालून आधार देणारे लाकडी हात), तुळया, जिथे नजर जाईल तिथे कोरलेलं. काही भाग ढासळलाय, काही लाकूड पावसाने करडं पडलंय. पण करड्या लाकडावरची नक्षी जास्त स्पष्ट दिसते. तेल आणि रंग गेल्यावर नुसती सावली राहते.

आमच्या वाड्याची लाकडं कुठे गेली ते मला माहीत आहे. ती ट्रकमधून गेली. अशा कितीतरी वाड्यांचे खांब आज शहरातल्या हॉटेलांत शोभेला उभे आहेत, वर काही न पेलता. पळशीचे खांब अजून छत पेलतायत. जे शिल्लक आहे ते त्याच गावात, त्याच छताखाली सांभाळलं जावं असं मला फार मनापासून वाटतं.

चौकात दोन तास बसून रेखाटनं केली. मग गावातून हिंडताना एका जुन्या घराच्या दारापाशी एक वयस्कर सुतारकाका भेटले, फळीला रंधा मारत बसलेले. घराची चौकट कोरीव होती आणि कोपऱ्यात पुन्हा तेच, चौकोनात फूल. मी धोतर सोडून आमची पट्टी त्यांना दाखवली. त्यांनी ती हातात घेतली नाही. आधी हात पुसले, मग घेतली. उलटी केली, मागची बाजू बघितली, करवतीच्या व्रणावरून अंगठा फिरवला.

"चौकटीची आहे. आडवी. वरची," ते म्हणाले.

मी विचारलं, "काका, मग कोपऱ्यात ही वेल वळायची कशी?"

"वळायची कशाला? लाकूड वळतं का, ताई?" त्यांनी दारापाशी जाऊन बोट ठेवलं. "हे उभं लाकूड वेगळं, हे आडवं वेगळं. दोघांचे रेशे दोन दिशांना. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आटतं, आणि दोन्ही लाकडं सारखी हलत नाहीत. सांध्यावरून वेल नेली तर दोन वर्षांत देठाचे दोन तुकडे दिसतील. म्हणून वेल सांध्याच्या अलीकडे थांबवायची. सांध्यावर फूल ठेवायचं. फूल आपल्या जागी बसून राहतं."

दोन दिवस मी जिला सोडून दिलेली जागा समजत होते, तिथेच सगळ्यात जास्त विचार केलेला होता.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि माझ्या कामात तीच जास्त उपयोगी पडली. त्या चौकटीवरच्या वेलीचं एकही पान अधांतरी नव्हतं. प्रत्येक पानाचं टोक कशाला ना कशाला टेकलेलं: देठाला, शेजारच्या पाकळीला, नाहीतर पट्टीच्या काठाला. "टोक आडव्या रेशावर मोकळं सोडलं की तुटतं," काका म्हणाले. "पुसताना फडकं अडकतं, लहान पोर ओढतं. टेकवलेलं टिकतं."

फडकं म्हटल्याबरोबर आत्या पुढे आली. दसऱ्याच्या आधी चौकट पुसायचं काम तिचं असायचं. ओल्या फडक्याने वरवर पुसायचं, मग काडीला कापड गुंडाळून एकेका खळग्यातली धूळ काढायची. "अडकायचंच नाही फडकं," ती म्हणाली, "सरळ फिरायचं." मग ती त्या दाराच्या कोपऱ्याजवळ गेली, हात वर केला आणि उजव्या अनामिकेचं टोक फुलाच्या मध्यावर ठेवलं. तशीच थांबली.

"इथे हळदकुंकू लावायचे मी," ती म्हणाली. "पाटावर चढून. फूलच होतं गं आपल्याही कोपऱ्यात. मधलं गुळगुळीत झालेलं. पाकळ्या कळायच्याच नाहीत, इतकी बोटं लागलेली."

डोळ्यांना जे आठवलं नव्हतं ते बोटाला आठवलं. काकांनी बसायला खुर्ची आणली. चहा आला. आत्या बराच वेळ त्या दाराकडेच बघत होती.

निघताना काकांनी त्यांच्याकडचा मोडक्या चौकटीचा एक तुकडा दिला आणि म्हणाले, याचा ठसा घ्या हवा तर. जागच्या जुन्या लाकडावर मी कधी ठसा घेत नाही, दाब पडतो आणि रंगही लागतो. पण हा तुकडा सुटाच होता. त्यावर पतंगाचा कागद ताणून धरला आणि तेलखडू आडवा फिरवला. हळूहळू कागदावर पान उमटलं, त्याच्या शिरा, पटाशीने काढलेल्या बारीक उभ्या रेघा. एका रेघेत पटाशी जरा घसरलेली, तेही उमटलं.

मुक्काम संगमनेरला. लॉजच्या टेबलावर मॅट पसरली. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला सुती चिंध्यांचा कागद बरोबर होता. बाजारातला कार्डपेपर पात्याखाली लोण्यासारखा कापला जातो, पण बारीक मान ठेवली की तिथून मुडपतो. हातकागद उलट. त्यातले सुताचे तंतू लांब, म्हणून चिवट, पण पातं ओढून धरतो. बोथट पात्याने कापलं की कडेला लव उभी राहते. दर दोन-तीन वळणांनी पातं बदलावं लागतं. हात एकाच जागी ठेवून कागद फिरवायचा. आधी आतली लहान भोकं, मग मोठी, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. कड आधी सुटली तर आतल्या बारीक कामाला धरायला काही उरत नाही.

पाचव्या वळणावर पानाची मान कापली गेली. जुनी रेखाकृती पुढे होती, पान नुसतं देठाला एका बिंदूत चिकटलेलं. पात्याचा करकर आवाज क्षणभर थांबला आणि पान लोंबलं. मागून बारीक पट्टी चिकटवून बघितली, पण दिव्यासमोर धरल्यावर ती काळी दिसत होती. कागद बाजूला ठेवला आणि सगळी रेखाकृती नव्याने काढली. या वेळी प्रत्येक पानाचं टोक कशाला तरी टेकवून. कातरकामात आम्ही अशा जोडांना पूल म्हणतो आणि ते कुठे द्यायचे ही रोजची डोकेदुखी असते. या वेलीला एकही पूल वेगळा द्यावा लागला नाही. कोरणाऱ्याने ते आधीच देऊन ठेवले होते.

चौथा दिवस : सिन्नर, चांदवड

सिन्नरला गाडी पाच मिनिटं थांबवली. आमच्या वाड्याच्या जागी तीन मजली इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान. आत्या उतरली नाही. काच खाली केली, बघितलं, "चल," म्हणाली.

नाशिकवरून आग्रा रस्त्याने चांदवड. होळकरांचा रंगमहाल गावात उंचावर आहे. अहिल्याबाईंचं नाव इथे घरच्यासारखं घेतात. भिंतींवर चित्रं आहेत, पण मी आधी चौकात गेले. लाकडी खांब, वर महिरपी. खांबांची ठेवण पुण्यातल्या सुरूसारखीच, आणि इतक्या दूर तेच रूप भेटल्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

अकराच्या सुमाराला ऊन चौकात उतरलं आणि एका महिरपीची सावली फरशीवर पडली. मी बघतच राहिले. वर लाकडात पाकळ्या आहेत, त्यांची जाडी आहे, वेल आहे, रंगाचे पापुद्रे आहेत. खाली फरशीवर यातलं काही नाही. फक्त कड, स्वच्छ, पाकळी-पाकळीची. सूर्याने ती महिरप कातरून ठेवली होती. डोळे किलकिले करून जे मी पुण्यात शोधत होते, ते इथे आयतं पडलेलं.

वहीचे चार कागद चिकटपट्टीने जोडले, फरशीवर पसरले आणि सावलीच्या कडेने पेन्सिल फिरवायला लागले. पण सावली थांबत नाही. डावीकडून काढत उजवीकडे पोचेपर्यंत डावी बाजू बोटभर सरकलेली. आत्याने कागदाची कोपरं धरली, मी पुन्हा मधून सुरुवात केली आणि आधी पाकळ्यांची टोकं नुसती टिंबांनी टिपली, मग टिंबं जोडली. तिसऱ्यांदा जमलं. तिरप्या उन्हात सावली लांबट पडते, म्हणून काढलेली महिरप खऱ्या महिरपीपेक्षा जरा ओढलेली आहे. ती तशीच ठेवायचं ठरवलं.

भिंतींवरची चित्रं नंतर बघितली, घाईत. त्यांच्यासाठी वेगळं यायला हवं.

पाचवा दिवस : नाशिक

सकाळी सराफ बाजारातला सरकारवाडा. पेशवेकालीन, दगडी पायऱ्या आणि आत लाकडी खांबांचा चौक. पण मन कामात होतं. तासाभरात मावसबहिणीच्या घरी परतलो आणि तिच्या जेवणाच्या टेबलाचा ताबा घेतला.

आधीचा बेत होता, एकाच मोठ्या कागदात सगळं मखर कापायचं. कागदाला सांधा नसतो, वेल कोपऱ्यातून हवी तशी वळवता आली असती. बहिणीनेही तेच विचारलं, "कागदात कोण अडवतंय?" अडवत कुणीच नाही. पण आता मला ती वळलेली वेल खोटी वाटत होती. म्हणून आडवी पट्टी वेगळी, दोन खांब वेगळे. वेली कोपऱ्याच्या अलीकडे थांबवल्या. सांध्यावर चौकोन आणि चौकोनात फूल.

फुलाला बाहेर आठ पाकळ्या कापल्या. आतल्या पाकळ्यांची रेखाकृती काढली होती, पण पातं टेकवण्याआधी आत्याला विचारलं, "मधलं केवढं गुळगुळीत होतं गं?"

तिने अंगठा आणि तर्जनी जुळवून रुपयाएवढा गोल दाखवला. मग जरा मोठा केला. "एवढं."

मी आतल्या पाकळ्या पुसल्या. मध्ये तेवढा गोल कोरा कागद ठेवला, नुसता. मागे दिवा लावून बघितलं. पाकळ्यांच्या फटींतून उजेड आला आणि मधला गोल काळाच राहिला, बोटाच्या जागेसारखा.

आडवी पट्टी आणि दोन्ही फुलं झालीत. चांदवडची महिरप पेन्सिलीत आहे. खांब दोन्ही बाकी आहेत, एकेकावर चौदा वळणं, सात पानं, सात फुलं. उजवा डाव्यावरून घडीवर कापायचा नाही. भाद्रपदापर्यंत वेळ आहे.